निळसर थर

ग्योर्लिट्झ, मंगळवार

एका माणसाचा फोटो इंटरनेटवर टाकायचा, त्याखाली 'हा चोर आहे, याच्या दुकानात जाऊ नका' असं लिहायचं, आणि मग सहाशे किलोमीटर लांब बसून वेळेवर जेवायचं, वेळेवर झोपायचं, हे तुला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं. झेनोनच्या शटरवर गेल्या आठवड्यात कोणीतरी लाल रंगाने तोच शब्द रंगवला. जर्मनमध्ये रंगवला, म्हणजे पोलंडातलं कोणी नव्हे, आपल्याच बाजूचं कोणीतरी रंगाचा डबा घेऊन पूल ओलांडून गेलं. एवढे कष्ट आपली माणसं चांगल्या कामासाठी घेत नाहीत. झेनोनने ते घासून घासून काढलं, तर आता तिथे गुलाबी डाग राहिलाय आणि डागातही शब्द वाचता येतो.

प्रिय येटे,

आधी नमस्कार-चमत्कार करायला हवे होते, पण ते केले असते तर वरचं लिहायचं धाडस राहिलं नसतं. मी बरी आहे. गुडघा तसाच आहे. खालच्या मजल्यावरची श्रीमती वेंड्टलर अजून जिवंत आहे आणि अजून जिन्यात माझ्या चपलांवरून कुरकुरते. हे पत्र मी तीन बैठकांत लिहितेय. शाळा मी आठ वर्षं केली, तीही अर्धी बटाटे काढण्यात गेली, त्यामुळे चुका काढत बसू नकोस. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतेस. कागदाच्या मध्ये कोणाला बोलता येत नाही.

झेनोन बार्तोशिक तुला माहीत आहे तो एवढाच, की पुलापलीकडे जुने कॅमेरे दुरुस्त करणारा पोलिश म्हातारा. मला तो चाळीस वर्षं माहीत आहे. तुझे आजोबा दर गुरुवारी त्याच्याकडे जायचे. जाताना खिशात दोन-चार स्क्रू, येताना सिगारेटी. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी तासन्‌तास बसायचे. मी विचारायचे, एरहार्ड, तुम्ही बोलता तरी काय? तर म्हणायचे, "बोलायचं कशाला, तो उघडतो, मी बघतो." एरहार्डच्या शवपेटीला खांदा द्यायला चारच माणसं मिळाली, ती पुरेनात, कारण आपल्या गावात आता खांदा देण्याजोगी माणसंच उरली नाहीत, सगळी तुझ्यासारखी पश्चिमेकडे गेली. तेव्हा पाचवा झेनोन होता. त्याची कंबर दुखते, तरी होता.

आता लेन्सचं. तू ईस्टरला आलीस, कपाट उपसलंस आणि आजोबांच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली कॅमेऱ्याची ती लेन्स तुला सापडली. तू किंचाळलीस तेव्हा मला वाटलं उंदीर आहे. मग तू तिचे खिडकीपाशी पंधरा-वीस फोटो काढलेस आणि व्हिएन्नाच्या लिलाववाल्यांना पाठवलेस. त्यांचं उत्तर आलं तेव्हा तू मला फोनवर आकडा सांगितलास, आणि मी म्हटलं, शून्य जास्त लागलंय, परत वाच. तू परत वाचलास. चाळीस ते पन्नास हजार युरो. बारा नग बनले होते, त्यातले तीनच जगात कुठे आहेत हे ठाऊक, आणि हा चौथा. दोन वर्षांपूर्वी एक विकला गेला तो बासष्ट हजारांना. त्याच्या काचेवर ओरखडे होते, आत बुरशीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा ठिपका होता, भिंगाभोवतीच्या धातूच्या कडीला पोचा होता. तरी बासष्ट. मी म्हटलं, कशाला? तू म्हणालीस, "आजी, ते सगळं खरं असतं म्हणून." मला काही कळलं नाही. ओरखडा खरा असतो, हे मलाही माहीत आहे. त्याचे पैसे मिळतात हे माहीत नव्हतं.

त्या पैशांतून तू नायसे नदीकाठचं ते बागेचं घर घेणार होतीस. हिरव्या खिडक्यांचं. इकडे परत येणार होतीस. तू म्हणालीस, "आजी, एकदा हे झालं की मी स्टुटगार्टला रामराम ठोकते." मी म्हटलं, येशील तेव्हा बघू. असंच म्हणते मी, तुला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी मी त्या घरापर्यंत चालत गेले. गुडघा असा असताना. कुंपणावरून आत बघितलं. मनुकांची दोन झाडं आहेत, एक कीड लागलेलं. म्हटलं, ते छाटावं लागेल.

तू लोकांना सांगतेस की आजी कारखान्यात काचा पुसायची. मी ऐकलंय, तुझ्या त्या मित्राला तू हसत सांगत होतीस. पुसायची! एकतीस वर्षं मी पॉलिश विभागात होते, येटे. सोळाव्या वर्षी लागले आणि कारखान्याला कुलूप लागलं त्या दिवशी बाहेर पडले. पुसणं वेगळं. आम्ही भिंग घडवायचो. राळेची वाटी असते, भिंगाच्या गोलाईला बरोब्बर बसेल अशी. तिच्यावर पाण्यात कालवलेली तांबडी भुकटी लावायची आणि भिंग फिरवायचं, तासन्‌तास, हाताला कळेपर्यंत. डोळ्याला नंतर दिसतं, हाताला आधी कळतं. आमची मुकादम श्रीमती होयर होती, शिसपेन्सिल कानामागे खोचून फिरायची. एखाद्या भिंगावर केसाएवढी रेघ राहिली तर सगळ्यांसमोर ते उंच धरायची आणि म्हणायची, "हे कोणाचं तोंड न धुतलेलं पोर?" त्या बाईची भीती मला अजून वाटते, आणि ती मरून चाळीस वर्षं झाली.

एकसष्ट साली त्या बारा लेन्स बनल्या. चाचणीसाठी. पुढचं भिंग एवढं मोठं आणि एवढं खोल गोलाईचं होतं की यंत्रावर बसेना, हाताने करावं लागलं. त्या बारांतली पाच भिंगं माझ्या हातची आहेत. मी सतरा वर्षांची होते. मग वरून हुकूम आला, फार महाग पडतं, बंद करा. नग भंगारात निघाले. जुळणी विभागातल्या एका पोराने मुकादमाची चिठ्ठी घेऊन त्यातला एक उचलला आणि मला दाखवायला आणला. "हे भिंग तुझं आहे का बघ." त्याला कसं कळणार आणि मला तरी कसं कळणार, भिंगावर कोणी सही करत नाही. पण मी म्हटलं, हो, माझंच. तो एरहार्ड. तू विचारत होतीस ना, आजोबा तुला कुठे भेटले.

तर मे महिन्यात तू मला फोनवर बजावलंस की लेन्सला हात लावू नकोस, तशीच झेनोनकडे ने. तो नीट फोटो काढेल, कागद भरेल, पेटीत बांधेल, व्हिएन्नावाले त्याला ओळखतात. मी म्हटलं बरं. आणि मोजा उघडला.

साठ वर्षं मोज्यात पडून त्या भिंगावर धुकं चढलं होतं. डाव्या कडेला बारीक रेघा होत्या, कधीतरी कोणीतरी सदऱ्याच्या टोकाने पुसल्यासारख्या. मी ते खिडकीत धरलं आणि मला श्रीमती होयर दिसली. म्हटलं, हे व्हिएन्नाला जाणार. सुटातले लोक हे दिव्याखाली धरणार, मोठ्या पुस्तकात छापणार, खाली आपल्या गावाचं नाव लिहिणार. आणि ते असं जाणार? न धुतलेल्या तोंडाने?

कारखाना बंद झाला तेव्हा सगळ्यांनी काही ना काही उचललं. कोणी घड्याळ, कोणी दाराची मूठ. मी माझ्या वाट्या आणल्या, भुकटीचा डबा आणला. तळघरात बटाट्यांच्या मागे होत्या. त्या गोलाईची वाटीही होती. राळ तडकली होती, ती गॅसवर मऊ केली. आजोबांची कडी फिरवायची चावी हातोडीच्या खोक्यात मिळाली. पुढचं भिंग सुटं केलं. चार दुपारी लागल्या, येटे. स्वयंपाकघराच्या टेबलावर, जाड फडक्यावर. हात विसरले नव्हते. सगळं विसरतेय मी, गॅस बंद केला का ते विसरते, वेंड्टलरचं पहिलं नाव विसरते. हात नाहीत विसरले. चौथ्या दिवशी भिंग असं झालं की ते आहे की नाही हे बोट लावून बघावं लागत होतं. त्या चार दुपारी मी एरहार्ड गेल्यापासून पहिल्यांदा रेडिओ लावला होता.

त्यावर चकाकी कमी करणारा निळसर थर होता हे मला माहीत होतं. सूर्याकडे धरलं की जांभळट निळा दिसायचा, लिलाववाल्यांनी फोटोत तोच बघितला होता. तो घासताना निघाला. निघणारच. पण आमच्याकडे थर खराब झालेलं भिंग रोज परत यायचं, आम्ही ते घासून कोरं करायचो आणि शेजारच्या इमारतीत पाठवायचो, तिथल्या मुली पुन्हा थर चढवून द्यायच्या. एकतीस वर्षं असंच. थर म्हणजे शेवटी चढवायची गोष्ट, काम म्हणजे काच. माझ्या डोक्यात त्याचं एवढंच वजन होतं. ती शेजारची इमारत पाडून तिथे वाणसामानाच्या बाजाराचं पार्किंग झालंय, मी आठवड्यातून दोनदा तिथून दूध आणते. तरी माझ्या डोक्यात ती इमारत उभी होती.

झेनोनने पेटी उघडली, भिंगाला डोळा लावला आणि ते दिव्याखाली उलटसुलट फिरवत राहिला. मला वाटलं खूश झालाय. मग म्हणाला, "नोआकबाई, एवढं स्वच्छ भिंग मी उभ्या आयुष्यात बघितलं नाही." मी म्हटलं, मग? तर म्हणाला, "मग काही नाही. माती केलीत तुम्ही." आणि स्टुलावर बसला. त्याने मला समजावलं. ओरखडे चालतात. बुरशी चालते. पोचा तर आवडतो. हात लागलेला चालत नाही. माझ्या चार दुपारींनी पन्नास हजारांचे पाचशे झाले होते, तेही कोणी शोभेला ठेवायला घेतली तर. मी म्हटलं, म्हणजे घाणीला पैसे? तर म्हणतो, "घाणीला नाही बाई, साठ वर्षांत कोणीच हात लावला नाही, त्याला." मी म्हटलं, हात लावायचा नव्हता तर बनवली कशाला? तो हसला. आम्ही दोघंही हसलो, आणि मग मी त्याला ते मागितलं जे मागायला नको होतं.

मी म्हटलं, कोणाला सांगू नका. तशीच पाठवा. कदाचित त्यांना कळणार नाही. तो म्हणाला, "पहिल्या नजरेत कळेल." मी म्हटलं, कळलं तर कळलं, पण तुमच्या तोंडून नको. पोरगी परत येणार आहे. तिला कळलं की हे मी केलं, तर ती येणार नाही. आलीच तरी माझ्याकडे बघणार नाही. शब्द द्या. आणि त्याने दिला. कागदावर त्याने लिहिलं, 'माझ्याकडे आली त्या स्थितीत'. खोटंही नाही आणि खरंही कोणाला कळणार नाही.

पुढचं तुला माहीत आहे. सप्टेंबरात व्हिएन्नाहून लेन्स परत आली, चिठ्ठी आली, की पुढचं भिंग नुकतंच पॉलिश केलंय, मूळ थर गेलाय, ईस्टरच्या फोटोंत तो होता. तू हिशोब केलास, मध्ये फक्त झेनोनचा हात. तरी तू मला फोन केलास, ते मान्य. विचारलंस, "आजी, तू काही केलं नाहीस ना?" मी म्हटलं, मी काय करणार, माझ्या हाताला कप धरवत नाही. तू लगेच मानलंस. म्हातारीवर कोण संशय घेतं. तू म्हणालीस, "मग तोच. भिंगच बदललं असेल, मेल्याने." मी गप्प बसले. मला वाटलं चार दिवस चिडशील, थंड होशील. तू त्याचा फोटो टाकलास.

आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. सायकल हरवली की पुलाकडे बोट. तुझं ते लिहिलेलं खालच्या वेंड्टलरच्या भाच्याने मला त्याच्या फोनवर दाखवलं. एक हजार लोकांनी खाली काय काय लिहिलंय. ज्यांनी त्याच्याकडून कॅमेरे फुकट दुरुस्त करून घेतले, तेही. "मला आधीपासूनच वाटायचं." म्हणे आधीपासून! इकडची गिऱ्हाइकं गेली, तीच अर्धी होती. व्हिएन्नावाल्यांनी कळवलं की यापुढे तुमच्याकडून माल घेणार नाही. त्याने तुझ्या त्या पानावर एक ओळ लिहिली, मोडक्या जर्मनमध्ये, "मी हे केलं नाही." त्याखाली लोकांनी हसण्याची चित्रं टाकली. बाकी एक शब्द नाही लिहिला. मला भेटला की म्हणायचा, "गुडघा कसा आहे?" मी दूध आणायला जाताना पूल दिसेल तो रस्ता टाळायला लागले.

ते हिरव्या खिडक्यांचं घर कोणी ड्रेस्डेनच्या दातांच्या डॉक्टरने घेतलं. कीड लागलेलं झाड त्याने छाटलं नाही, दोन्ही झाडं कापून टाकली, गाडी लावायला. हे तुला सांगणारच होते. आता परत येण्यासारखं इथे काही नाही, आणि मी आहे ती अशी.

आणि हे सगळं तीन महिने पोटात ठेवून मी आज का लिहितेय, ते ऐक. काल दुपारी झेनोन आला. चालत, पूल ओलांडून, टोपी हातात. मला वाटलं भांडायला आला, मला बरं वाटलं. तो म्हणाला, दुकान दिलं. शनिवारी बहिणीकडे जातोय, झेशूफला, कायमचा. मी खसखशीचा केक कापला. त्याने खाल्ला, चांगला झालाय म्हणाला. मग म्हणाला, "नोआकबाई, एक विचारायला आलोय. मी शब्द दिला होता, तो मोडत नाही. पण माझ्या मुलापुरतं सांगू का? बाकीच्यांचं राहू दे." माटेउश त्याचा मुलगा, व्रोत्सवाफला शाळेत शिकवतो. त्याने बापाला विचारलं होतं, खरं सांग. बाप म्हणाला, मी केलं नाही. मुलगा म्हणाला, मग कोणी केलं, त्या म्हातारीने? आणि बाप गप्प बसला. तेव्हापासून मुलगा फोनवर फक्त हवापाण्याचं बोलतो. येटे, तो माझ्याकडे परवानगी मागायला आला होता. माझ्याकडे! आणि माझी ही जीभ, जी आठ शेजारणींना पुरून उरली, ती हलली नाही. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. मी त्याला आणखी एक तुकडा वाढला. तो उठला, बशी स्वतः मोरीत ठेवली आणि गेला. तो आता त्याला सांगणार नाही, कारण मी हो म्हटलं नाही. मी दुपारभर विचार केला, मी सांगते त्या पोराला. पण मी सांगितलं तर तो म्हणेल, बापाची जुनी ओळखीची बाई, दया आली म्हणून अंगावर घेतेय. ऐंशी वर्षांच्या हाताने असं काम होतं, यावर तूही विश्वास ठेवला नसतास. तू चोर म्हणालीस, तूच नाही म्हणायला हवंस. सोबतच्या कागदावर मी काय केलं ते लिहून सही केलीय, तो जिथे त्याचा फोटो लावलास तिथे लाव, माझ्या नावासकट. त्याने काही परत येणार नाही. ना त्याचं दुकान, ना लेन्सवरचा थर, ना तू. शनिवारची गाडी तो धरणारच. वाण्याकडे लोक माझ्याशी बोलायचं बंद करतील, तेही चालेल, तसंही कोण बोलतं.

तुझीच, खोटं बोललेली,
एडेलट्राउड आजी

मला उत्तर लिहू नकोस, फोन करू नकोस, मी उचलणार नाही. माटेउशचा पत्ता पाकिटाच्या मागे आहे. त्याला तू लिहायचंस, तुझ्या हाताने, शुक्रवारच्या आत. आणि त्याने बापाला उत्तर द्यायचं, तेही हवापाण्याचं नाही, असं त्यात लिही.